डॉक्टर होणाऱ्यांना पुन्हा इंग्रजी का शिकवतात?

नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा मराठीसह 13 भाषांमध्ये देता येते. पण महाराष्ट्रात एमबीबीएसला प्रवेश मिळाला की पुस्तकं, लेक्चर, केसपेपर सगळं इंग्रजीत सुरू होतं. वॉर्डातला पेशंट मात्र 'पोटात कळ येतेय' असंच सांगतो. या दोन भाषांमध्ये रोज ये-जा करायला शिकणं हा डॉक्टरकीचाच भाग आहे.

मग इंग्रजी येणं म्हणजे फाडफाड बोलणं का? तर नाही.

नेमकं काय शिकवतात?

डॉक्टरला इंग्रजी मुख्यतः चार ठिकाणी लागतं: केस मांडताना, ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवताना, दुसऱ्या डॉक्टरला रेफरल लेटर लिहिताना आणि डिस्चार्ज कार्ड भरताना. इथे उच्चार झकपक असण्यापेक्षा माहिती नेमकी असणं महत्त्वाचं.

यासाठी जगभर वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे एसबीएआर. सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. म्हणजे आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं आणि काय करायला हवं. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली.

समजा, रात्री ज्युनिअर डॉक्टर सिनिअरला फोन करून एवढंच म्हणाला, 'सर, पेशंट इज नॉट ओके.' यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी, 'बेड 12, बीपी 80/50 वर आलंय, नाडी 120. वय 58, काल पोटाचं ऑपरेशन झालंय. आतून रक्तस्राव होत असावा. तुम्ही लगेच या,' असं सांगितलं तर सिनिअर फोन ठेवून थेट निघतो. यात अवघड व्याकरण कुठेच नाही.

चूक झाली तर?

इंग्रजीत 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर सारखेच ऐकू येतात. म्हणून औषधाचा डोस सांगताना 'वन फाइव्ह' असे आकडे सुटे उच्चारायला आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायला शिकवतात. 'हायपो' आणि 'हायपर' यांचंही तेच. एकाचा अर्थ कमी, दुसऱ्याचा जास्त.

लिहिताना इन्सुलिनच्या 10 युनिटपुढे नुसता 'यू' काढला, तर तो शून्यासारखा दिसून डोस 100 वाचला जाऊ शकतो. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा असतो.

अभ्यासक्रमात हे आहे का?

आहे. 2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच फाउंडेशन कोर्स आला. त्यात 40 तास भाषा आणि कॉम्प्युटरसाठी ठेवले होते. भाषेत इंग्रजीबरोबर स्थानिक भाषाही होती, कारण परराज्यातून आलेल्या विद्यार्थ्याला इथल्या पेशंटशी बोलता यायला हवं. याशिवाय 'एटकॉम' हा वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद शिकवणारा भाग पुढेही चालू राहतो.

परदेशात काम करायचं असेल तर वेगळी परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी चालते. ओईटी खास आरोग्य क्षेत्रातल्या 12 व्यवसायांसाठी आहे. तिच्यात डॉक्टरांना केस नोट्सवरून पत्र लिहावं लागतं आणि पेशंटच्या भूमिकेतल्या व्यक्तीशी दोन प्रसंगांत बोलावं लागतं. तिथे जड वैद्यकीय शब्द फेकून भागत नाही. 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ चालणारा आजार, पण अनेक सामान्य इंग्रजी भाषकांना तो 'फार गंभीर' असा वाटतो. त्यामुळे सोप्या इंग्रजीत समजावणं हेही एक कौशल्यच आहे.

मराठी माध्यमाच्या मुलांचं काय?

खरी अडचण अनेकदा ज्ञानाची नसते, लाजेची असते. राउंडला उत्तर माहीत असतं, पण वाक्य चुकेल आणि सगळे हसतील म्हणून विद्यार्थी गप्प बसतो. वर्गात याने फार तर मार्क जातील. वॉर्डात मात्र त्या गप्प बसण्याची किंमत पेशंट मोजतो.

म्हणून अशा तासांना व्याकरणाच्या चुका मोजत बसण्यापेक्षा एकानं डॉक्टर, दुसऱ्यानं पेशंट होऊन सराव करणं जास्त उपयोगाचं ठरतं. रोज एक केस एसबीएआरच्या चार पायऱ्यांत मित्राला सांगायची, मग तीच पेशंटच्या नातेवाइकांना सांगतोय असं समजून मराठीत सांगायची. दुसऱ्या वेळी अडखळलात, तर ती केस तुम्हालाच अजून नीट समजलेली नाही.