के दिहुआ : एका सोलापूरकराच्या चिनी नावाचा अर्थ

१/ चीनमधील शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत एक समाधी आहे. तेथे चिरविश्रांती घेणाऱ्या डॉक्टरला चिनी लोक ‘के दिहुआ’ म्हणून ओळखतात. आपल्यासाठी ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यांचे चरित्र अनेकांना ठाऊक असते. त्यांच्या चिनी नावाचा अर्थ मात्र फारसा कोणी सांगत नाही. हा धागा त्या नावाविषयी.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी झू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. यांपैकी चोळकर नागपूरचे.

३/ सप्टेंबर १९३८ च्या आरंभी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले आणि त्याच महिन्यात दक्षिण चीनमधील ग्वांगझौला पोहोचले. चीनमध्ये पाचही जणांनी चिनी नावे धारण केली. नावे वेगवेगळी, पण प्रत्येकाचे शेवटचे अक्षर एकच : ‘हुआ’.

४/ परक्या माणसाचे नाव चिनी लिपीत लिहिणे हे केवळ उच्चाराचे काम नाही. तेथे प्रत्येक अक्षराला ध्वनीबरोबर अर्थही असतो, आणि एकाच ध्वनीची अनेक अक्षरे असतात. त्यामुळे नाव लिहिणाऱ्याला अर्थाची निवड करावीच लागते. शिवाय चिनी रीतीनुसार आडनाव आधी, तेही बहुधा एकाच अक्षराचे.

५/ याचे सुंदर उदाहरण रवींद्रनाथांचे. १९२४ मध्ये ते चीनला गेले असता विद्वान लियांग छिछाओ यांनी त्यांना ‘झू झेनदान’ हे नाव दिले. ‘झू’ हे भारताच्या ‘तियानझू’ या जुन्या चिनी नावातले अक्षर. ‘झेनदान’ हे चीनचे जुने नाव, संस्कृत ‘चीनस्थान’वरून आलेले. दोन देश एकाच नावात नांदू लागले.

६/ आता कोटणीस. त्यांच्या आडनावातील ‘को’ आणि ‘ट’ यांना जवळचे ध्वनी म्हणजे ‘के’ आणि ‘दि’. ‘णीस’ गळाले आणि त्या जागी ‘हुआ’ आले. ‘के’ हे चीनमधले खरेखुरे आडनाव आहे. त्याचा एक अर्थ ‘कुऱ्हाडीचा दांडा’, दुसरा ‘झाडाची फांदी’.

७/ ‘हुआ’चे दोन अर्थ आहेत. एक, चीन देश : चिनी लोक स्वतःला ‘हुआ’ म्हणवतात. पथकातील पाचही जणांच्या नावांत तो अभिप्रेत होता. दुसरा अर्थ त्याहून प्राचीन आहे : फूल, बहर.

८/ उरले ‘दि’. हे एका फुलझाडाचे नाव. ते चेरीच्या गोतातले असावे, असे बहुधा मानले जाते. चिनी साहित्यात त्याला जे स्थान आहे, ते ‘शिजिंग’ या ग्रंथामुळे. हा चीनचा सर्वांत जुना काव्यसंग्रह. त्यात ३०५ रचना आहेत. या ग्रंथातून मुलांची नावे काढण्याची परंपरा आजही जिवंत आहे. हिवतापावरील औषधासाठी २०१५ चे नोबेल मिळवणाऱ्या तू योयो यांचे नाव त्यातीलच हरिणांच्या हाकेवरून ठेवलेले आहे.

९/ शिजिंगमधील एक रचना या ‘दि’ वृक्षाच्या फुलांपासून सुरू होते आणि भावांकडे वळते. आशय असा : मरणाच्या आणि संकटाच्या वेळी धावून येतो तो भाऊ, घरात भांडणारे भाऊही बाहेरचा शत्रू आला की एक होतात. तेव्हापासून ‘दिहुआ’, म्हणजे ‘दि’चे फूल, हा शब्दच साहित्यिक चिनी भाषेत बंधुत्वाचा संकेत झाला.

१०/ म्हणजे ज्याला हे साहित्य ठाऊक आहे, त्याला ‘के दिहुआ’ या तीन अक्षरांत एक चित्र दिसते : फांदीवर उमललेले बंधुत्वाचे फूल. आणि काळ कोणता? आपसांत लढलेले कुओमिंतांग आणि कम्युनिस्ट परचक्रापुढे एकत्र आले होते, तो.

११/ नाव मिळणे सोपे, निभावणे कठीण. चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली. कोटणीस परतले नाहीत. १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले, पुढे उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. १९४१ मध्ये डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१२/ ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. सेनानी न्ये रोंगझेन यांनी त्याचे नाव ठेवले ‘यिनहुआ’ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय अवघे ३२. पथकातील इतर चौघे मायदेशी परतले.

१३/ १९५० च्या दशकात ‘हिंदी-चिनी भाई-भाई’ ही घोषणा दुमदुमली आणि १९६२ च्या युद्धात विरली. घोषणेला भाऊपण सिद्ध करावे लागत नाही, माणसाला लागते. ते प्राचीन काव्यही हेच बजावते, की भाऊ ओळखावा तो संकटात. शिजियाझुआंगची ती समाधी १९६२ नंतरही राहिली. तिच्यावरचे नाव वाचताना ‘हुआ’मधला देश तर वाचावाच, पण त्याआधीचा ‘दि’ विसरू नये.

(धागा समाप्त)