गणितसारसंग्रहातील मोरांचा कळप आणि बहुपदी असमानता : सोलापूर आवृत्तीच्या निमित्ताने

प्रस्तावना

अवयव पाडून बहुपदी असमानता सोडविण्याची रीत आपल्या वर्गांतून शिकविली जाते. एका बाजूस शून्य आणावयाचे, दुसऱ्या बाजूचे अवयव पाडावयाचे आणि मुळांमुळे संख्यारेषेचे जे खंड होतात त्या प्रत्येकात गुणाकाराचे चिन्ह पाहावयाचे. या रीतीच्या इतिहासाविषयी मात्र दोन टोकांची विधाने ऐकू येतात. हे सारे पाश्चात्त्यांकडून आले, असे एक. आणि हे सारे आपल्याकडे होतेच, असे दुसरे. प्रस्तुत निबंधात महावीराचार्यांच्या एका उदाहरणाच्या आधारे या दोहोंची तपासणी केली आहे.

ग्रंथ आणि त्याची आवृत्ती

महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ८५० च्या सुमाराचा. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष हे त्यांचे आश्रयदाते. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड. ते सोलापूरला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. एम. रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये मद्रास येथून हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. पुढे १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने, जीवराज जैन ग्रंथमालेत, लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह त्याची आवृत्ती काढली. ग्रंथमाला धार्मिक म्हणून गणिताच्या अध्यापकांनी ती बाजूस ठेवावी, हे योग्य नव्हे. आपल्याच शहरात छापला गेलेला हा गणिताचा एक मूलग्रंथ आहे.

मोरांचे उदाहरण

ग्रंथाच्या आरंभीच चिन्हांचे नियम येतात. दोन ऋणांचा गुणाकार धन, धन व ऋण यांचा गुणाकार ऋण. आणि ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही. यांतील गुणाकाराचे नियम त्याही आधी, इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांनी दिले होते. असमानता सोडविताना आपण जो चिन्हांचा तक्ता मांडतो, तो याच नियमांवर उभा असतो.

आता उदाहरण पाहू. एका कळपातील मोरांच्या षोडशांशाचा वर्ग आंब्यावर बसला. उरलेल्या भागाच्या नवमांशाचा वर्ग आणि आणखी १४ मोर तमालवृक्षांवर होते. तर एकूण मोर किती? (येथे ‘उरलेला भाग’ हा षोडशांश वजा करून घ्यावयाचा, त्याचा वर्ग वजा करून नव्हे; प्रथम वाचणारा हमखास अडखळतो.) कळप क्ष मानल्यास १७क्ष² − ११५२क्ष + १६१२८ = ० असे समीकरण मिळते. आचार्यांच्या सूत्रात वर्गमूळ मिळविणे आणि वजा करणे असे दोन्ही सांगितले आहे. त्यानुसार ४८ आणि ३३६/१७ ही दोन मुळे येतात. पडताळा असा : ४८ चा षोडशांश ३, वर्ग ९; उरलेल्या ४५ चा नवमांश ५, वर्ग २५; आणि ९ + २५ + १४ = ४८. दुसरे मूळ पूर्णांक नाही; मोरांचा कळप तसा असू शकत नाही.

म्हणजे दोन मुळे होती, चिन्हांचे नियमही होते. नव्हता तो प्रश्न : या दोन मुळांच्या मधल्या संख्यांचे काय? उदाहरणात ‘दृश्य’ राशी निश्चित दिलेली असल्यामुळे तो उद्भवण्याचे कारणच नव्हते. तसेच समीकरण सोडविले जाई ते पूर्ण वर्गाच्या मार्गाने; दोन अवयवांचा गुणाकार शून्याशी ताडून पाहण्याची मांडणी तेथे आढळत नाही. म्हणून महावीराचार्यांनी असमानता सोडविल्या, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

भास्कराचार्य या प्रश्नाच्या थोडे अधिक जवळ येतात. ‘बीजगणिता’तील वानरांच्या उदाहरणात (इ. स. ११५०) कळपाच्या पंचमांशातून ३ वजा केले असता जे उरते त्याचा वर्ग गुहेत गेला आणि एक वानर दिसला. मुळे ५० आणि ५. यांतील ५ त्यांनी नाकारले, कारण त्याचा पंचमांश १ आणि त्यातून ३ वजा केल्यास राशी ऋण होते. आजच्या भाषेत, क्ष ≥ १५ ही अटच त्यांनी लावली. ती मात्र एक मूळ वगळण्यापुरतीच राहिली.

हॅरियटचा ग्रंथ

लहान-मोठे दाखविणारी < आणि > ही चिन्हे छापील स्वरूपात प्रथम आली ती इंग्रज गणिती टॉमस हॅरियट यांच्या ग्रंथात, १६३१ मध्ये. हॅरियट यांच्या निधनाला तेव्हा दहा वर्षे झाली होती. समीकरण हे अवयवांच्या गुणाकारातून घडते, ही मांडणीही त्याच ग्रंथातली. तरीही ऋण मुळांना त्या छापील ग्रंथात स्थान मिळाले नाही. त्या बाबतीत तो भास्कराचार्यांच्या फारसा पुढे नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने मोरांचे उदाहरण फार उपयोगी आहे. ‘१४ मोर’ ऐवजी ‘किमान १४ मोर’ असा पालट केला, की (क्ष − ४८)(१७क्ष − ३३६) ≤ ० ही असमानता तयार होते. ३३६/१७ च्या अलीकडे दोन्ही अवयव ऋण, ४८ च्या पलीकडे दोन्ही धन. गुणाकार ऋण होतो तो केवळ मधल्या खंडात. उत्तर आले ३३६/१७ ≤ क्ष ≤ ४८. येथे विद्यार्थी सहसा थांबतो. परंतु मोर तोडता येत नाहीत. षोडशांश आणि त्यानंतरचा नवमांश हे दोन्ही पूर्णांक असावयाचे, तर क्ष ला ४८ ने भाग गेला पाहिजे, आणि त्या खंडात अशी संख्या ४८ ही एकच आहे.