रोजाचा दिवस केवढा?

रोजावर काम करणारा मनुष्य आपला दिवस विकतो. पण दिवस म्हणजे नेमका केवढा, हा वाद मजुरीच्या दराइतकाच जुना आहे. इंग्लंडांत १५६३ सालीं झालेला कारागीर व मजूर यांचा कायदा या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. मजुरीचा दर न्यायाधीशांनीं दरसाल ठरवावा. त्याहून अधिक देणाऱ्यास १० दिवस व घेणाऱ्यास २१ दिवस कैद. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मजुरानें पहाटे ५ वाजतां कामावर यावें व सायंकाळीं ७ ते ८ च्या दरम्यान सुटावें. न्याहारी, जेवण वगैरे मिळून विसांवा अडीच तासांहून अधिक नसावा. हिवाळ्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. गैरहजेरीस तासामागें एक पेनी दंड.

म्हणजे मजुरी दिवसाची, पण दंड मात्र तासाचा! दर वाढवून मागण्याची वाट बंद झालेली. उशिरां येणें किंवा विसांवा लांबविणें एवढेंच मजुराच्या हातीं उरलें होतें, त्यावरही घड्याळाचा पहारा बसला.

परंतु माप एकदां ठरलें कीं तें दोन्ही पक्षांस उपयोगी पडतें. पुढें कामगारही तासांच्याच हिशेबानें बोलूं लागले. १८४७ सालीं तेथील कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांस १० तासांची मर्यादा मिळाली. आमच्या मुंबईंतही १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें गिरणीकामगारांनीं सकाळीं साडेसहास काम सुरू व्हावें, दुपारीं अर्धा तास सुटी असावी, असें मागितलें. मजुरीचा दर ठरवितांना दिवसाचें मापही ठरवून घ्यावें, हा धडा मालकांच्या कायद्यानेंच मजुरांस दिला, असें आम्हांस वाटतें.