रायतूरचे खिळे आणि पडद्यावरची मराठी

१६१६ साली साष्टीतल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापून झाले. भाषा मराठी, लिपी मात्र रोमी. कारण छापखान्यात देवनागरीचे खिळेच नव्हते. गोव्याच्या वाचकाला ही गोष्ट नवी नाही. पण तीच अडचण जवळजवळ चारशे वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभी राहिली, तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स जगापुढे ठेवले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीला जागा मिळाली. ती मांडणी भारताच्याच ‘इस्की’ या संकेतावर बेतलेली होती. खिळ्यांना घर मिळाले खरे, पण अक्षरे पडद्यावर नीट उमटायला बराच काळ गेला. जोडाक्षरे तुटत, पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाई. २००२ च्या रेड हॅट लिनक्स ८ मध्ये यूटीएफ-८ आपसूक मिळू लागले, २००४ मध्ये ‘लोहित’ हे मुक्त फाँट आले आणि वाट मोकळी झाली.

अक्षरे आली, आता शब्द कुणी द्यायचे? लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅममधली वाक्ये वेगळ्या फायलीत ठेवलेली असतात. वर इंग्रजी ओळ, खाली तिचे मराठी. ‘ग्नू गेटटेक्स्ट’ नावाची ही व्यवस्था १९९० च्या दशकातली. खालची ओळ रिकामी राहिली तर पडद्यावर इंग्रजीच दिसते. म्हणून सेटिंग्जमध्ये मराठी निवडून, लॉगआउट करून पुन्हा आत आल्यावर अर्धा मेनू मराठी आणि अर्धा इंग्रजी दिसला, तर यंत्राला बोल लावू नका. तेवढ्या ओळी भरायला अजून कुणी बसलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या घरची गोष्ट. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळाले. त्यावरून किती वाद झाले ते सांगायला नको. लिनक्समध्ये भाषांची क्रमवारी लावता येते: आधी कोकणी, नंतर मराठी, मग इंग्रजी. कोकणी ओळ नसेल तिथे मराठी ओळ पुढे होते. शिवाय एकाच संगणकावर घरातल्या प्रत्येकाच्या खात्याला वेगळी भाषा ठेवता येते. आजोबांना मराठी, सुनेला कोकणी, नातवाला इंग्रजी!

मात्र ही सोय ओळी भरलेल्या असतील तरच कामाची. स्टीफन्स यांच्यापुढे खिळ्यांचा प्रश्न होता. आपल्यापुढे तो नाही. भाषा येणारी माणसे बसली की काम होते. घरी लिनक्स असेल तर आठवडाभर मराठी लावून पाहा, आणि जिथे जिथे इंग्रजी उरलेली दिसेल त्या ओळी वहीत टिपून ठेवा. सुरुवात तिथूनच करता येईल.