क्षयाच्या औषधाने शिकविलेला धडा

१९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, तेव्हा क्षयावर अखेर औषध सापडले असे जगाला वाटले. १९४७ साली ब्रिटनमध्ये त्याची काटेकोर पारख सुरू झाली. ५५ रुग्णांना विश्रांतीबरोबर हे औषध मिळाले, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ रुग्ण दगावले, दुसऱ्यातील १४.

हा आनंद अल्पजीवी ठरला. सुधारलेले अनेक रुग्ण पुन्हा खालावले. औषधाला दाद न देणारे मोजके जंतू आधीपासूनच फुफ्फुसांत होते. बाकीचे मेल्यावर त्यांना रान मोकळे मिळाले. पुढे ‘पास’ हे दुसरे औषध जोडीला दिल्यावर ही प्रतिकारशक्ती पुष्कळ घटली. एकाच्या तावडीतून सुटलेला जंतू दुसऱ्याला सापडू लागला.

हा इतिहास आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण क्षयाचा उपचार आजही अनेक औषधांच्या याच तत्त्वावर उभा आहे आणि तो महिनोन्महिने चालतो. काही आठवड्यांतच खोकला थांबतो, वजन वाढते आणि घरचे म्हणतात, “आता गोळ्या कशाला?” नेमके तेव्हाच चिवट जंतू मागे उरलेले असतात. ते उद्या खोकल्यावाटे शेजारच्या घरी पोहोचतील. उपचार पुरा करणे हे म्हणूनच शेजाऱ्याचेही देणे आहे.