बधिरांचे संवादहक्क : भारतातील कायदा

बधिर व श्रवणदुर्बल व्यक्तींना न्यायालय, शाळा, सरकारी कार्यालये आणि प्रसारमाध्यमे यांच्याशी आपल्याला समजेल अशा मार्गाने व्यवहार करता यावा, यासाठी कायद्याने दिलेले हक्क. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. दोन्ही कानांचा श्रवणऱ्हास ७० डेसिबल असल्यास व्यक्ती बधिर, ६० ते ७० डेसिबल असल्यास श्रवणदुर्बल, अशी व्याख्या त्यात आहे.

न्यायालयातील साक्ष : या हक्काचा सर्वांत जुना व सर्वांत कसोटीचा भाग. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने लिहून किंवा खुणांनी खुल्या न्यायालयात दिलेली साक्ष तोंडीच मानावी, असे १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये होते. दुभाष्याचा उल्लेख मात्र नव्हता. त्यामुळे घरचेच कोणी खुणांचा अर्थ सांगत आणि नोंद होई ती त्यांच्या शब्दांची. राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंह (२०१२) या खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेतली. बधिर व्यक्ती साक्ष देण्यास सक्षम आहे. साक्षीदार साक्षर असल्यास प्रश्नोत्तरे लेखी व्हावीत. एरवी दुभाषी त्याच परिसरातला, पण खटल्यात हितसंबंध नसलेला असावा आणि त्यालाही शपथ द्यावी, असे न्यायालयाने म्हटले. कलम ११९ मध्ये २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत व चित्रीकरण आवश्यक ठरले. खुणांची मूळ नोंद टिकली तरच भाषांतर तपासता येते, म्हणून चित्रीकरणाची अट सर्वांत मोलाची होय. हीच तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १२५ मध्ये आहे. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १२ पसंतीच्या भाषेत व माध्यमात साक्ष नोंदवण्याची सोय शासनावर सोपवते. पोलीस ठाण्यातील पहिल्या जबाबापासूनच ही सोय मिळायला हवी.

शिक्षण : सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची तरतूद २०१६ च्याच अधिनियमाच्या कलम १७ मध्ये आहे. अध्यापनात वाचेवर भर असावा की सांकेतिक भाषेवर, याबाबत मतभेद आहेत.

माध्यमे : त्याच अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये सांकेतिक भाषेतील भाषांतर व उपशीर्षके यांची तरतूद.

संस्था : मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था दुभाष्यांना प्रशिक्षण देते. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र (स्थापना २०१५) याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द आले. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत भारतीय सांकेतिक भाषेचा समावेश नाही.