घोडा म्हातारा झाला की आजारी?

पागेतला अठरा-वीस वर्षांचा घोडा एके दिवशी तोबऱ्यातली अर्धी चंदी टाकून मान खाली घालून उभा राहतो. खोकत नाही, लंगडत नाही, अंगावर कुठे जखम नाही. पण महिनाभरात पुठ्ठ्यावरचं मांस उतरलेलं असतं, पाठीचा कणा वर आलेला असतो आणि खरारा करूनही केसांना तकाकी येत नाही. वय झालं, असं मोतद्दार म्हणतो. हे उत्तर सोपं आहे आणि बहुतेक वेळा अपुरं. घोड्यांच्या बळावर राज्यं चालत होती त्या काळातल्या जाणत्यांनाही ते पुरेसं वाटत नव्हतं. म्हातारपण कुठं संपतं आणि दुखणं कुठं सुरू होतं, याचा शोध भारतात किमान दीड हजार वर्षं चालू आहे, आणि त्यातला एक मोठा टप्पा मुंबई-पुण्यात पार पडला.

पहिला प्रश्न अर्थातच वयाचा. घोडा खरोखर किती वर्षांचा हे कळल्याशिवाय पुढचा तर्क चालत नाही, आणि विकणाऱ्याच्या शब्दावर कुणी विसंबत नसे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत घोड्यावर छोटासा अध्याय लिहिला, त्यातल्या एका श्लोकात हे सगळं गणित बसवलेलं आहे. समोरचे सहा दात पांढरे असतील तर शिंगरू एका वर्षाचं, त्यांचा रंग काळपट-तांबूस झाला की दोन वर्षांचं. मग मधली जोडी पडून नवी आली की तीन, तिच्या शेजारची आली की चार, कडेची आली की पाच. त्यापुढे दर तीन वर्षांनी दातांवर नवी खूण: आधी काळी, मग पिवळी, पांढरी, काचेसारखी, मधाच्या रंगाची, शंखासारखी. नंतर दातात खळगा पडतो, मग दात हलू लागतात आणि शेवटी गळतात. हिशेब तिशीच्या आसपास संपतो.

आजच्या पशुवैद्यकात याच तीन जोड्या अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना फुटतात असं शिकवतात, आणि दात पुरा वाढून घासू लागायला आणखी सहा महिने जातात. जुना हिशेब त्याला अगदी धरून आहे. पाचव्या वर्षानंतरच्या खुणांवर मात्र एवढा भरवसा ठेवता येत नाही, कारण रेताड माळावर चरणाऱ्या घोड्याचे दात लवकर झिजतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिडनी गॅल्वेन या घोडे शिकवणाऱ्याने वरच्या कडेच्या दातावरची एक उभी खाच प्रसिद्धीला आणली. ती दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीपाशी दिसू लागते, विसाव्यापर्यंत दाताच्या टोकाला पोचते आणि मग हिरडीकडून पुसट होत जाते. तिचाही उपयोग अंदाजापुरताच.

तोंड उघडून पाहण्याचं दुसरं कारण वयापेक्षा मोलाचं आहे. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चघळताना जवळजवळ तेवढ्याच झिजतात. खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड झिजायची राहते. तिला धार येते आणि गाल, जीभ कापली जाते. विशीच्या पुढे तर दाढेचा हिरडीतला साठाच संपत येतो. जाणता माणूस म्हणून आधी बाहेरूनच घोड्याच्या गालावर, दाढांच्या रांगेवर बोटं दाबत जातो. आत धार असेल त्या जागी घोडा मान झटकतो. मग ठाणापाशी वाकून पाहतो, अर्धवट चघळलेल्या कडब्याचे ओले बोळे पडलेत का. शेवटी ताजी लीद हातात घेऊन फोडतो. तीत बोटाएवढ्या लांब काड्या आणि अख्खे हरभरे निघाले तर खाणं पोटात जातंय पण अंगी लागत नाही, हे उघड होतं. अशा घोड्याला भिजवून मऊ केलेला दाणा दिला आणि दाढा कानसल्या तर दोन-तीन महिन्यांत अंग भरू लागतं. निव्वळ म्हातारपण असं भरून येत नाही.

हे ज्ञान ज्या परंपरेत साठवलं गेलं तिला शालिहोत्राचं नाव आहे. शालिहोत्र ऋषी अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानला जातो. महाभारतात अज्ञातवासात विराटाकडे घोड्यांची देखभाल पत्करणारा नकुल हा दुसरा मोठा आधार, आणि त्याच्या नावावरही अश्वचिकित्सेचा ग्रंथ आहे. जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ तिसरा. फारसीत ‘फरसनामा’ या नावाने अशी पुस्तकं लिहिली गेली, त्यांतली काही संस्कृतावरूनच उतरली होती. तंजावरच्या मराठी राजांनी जपलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या अश्वशास्त्राची सचित्र पोथी आहे. ती १९५२ मध्ये छापून निघाली. या ग्रंथांची पुष्कळ पानं शुभ-अशुभ भोवऱ्यांवर आणि रंगांवर खर्ची पडली आहेत, आणि त्या पानांनी कित्येक चांगल्या जनावरांची किंमत विनाकारण पाडली असणार. पण त्याच पोथ्यांत दात, खूर, चारा, पोटशूळ आणि ऋतूनुसार घ्यायची काळजी यांवरचं बारीक निरीक्षणही आहे. ते ठाणापाशी उभं राहिल्याशिवाय कुणाला लिहिता आलं नसतं.

मराठ्यांच्या पागेत हे निरीक्षण पोथीपेक्षा व्यवस्थेतून होत होतं. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे, त्यात पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद असे. रोज त्याच पंचवीस जनावरांना पाणी पाजणाऱ्याला कोणतं जनावर कमी पितंय हे कळतंच, आणि खूर हातात धरणाऱ्या नालबंदाला कोणत्या खुराला ऊब आहे हे कुणी सांगावं लागत नाही. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. ते बहुधा रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी वाचलं जातं, पण त्यात घोड्यांची चिंताही तेवढीच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा नि वैरण आताच उधळली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय. गंजीजवळ विस्तव किंवा दिवा ठेवू नका, हेही त्यात आहे. घोडा खंगला तर आधी त्याच्या गव्हाणीत पाहा, ही दृष्टी त्या पत्रात आहे. कळपात चारा कमी पडला की सर्वांत आधी म्हातारं जनावर उतरतं, कारण तरणे घोडे त्याला गव्हाणीपाशी टिकू देत नाहीत.

तरीही एक दुखणं या सगळ्या नजरांना चकवत राहिलं. घोडा भरपेट खातो आणि तरी वाळत जातो. ताप येतो, दोन-चार दिवसांनी उतरतो, जनावर सुधारल्यासारखं वाटतं आणि पुन्हा ताप चढतो. पापणी उलटून पाहिली तर आतली बाजू पांढुरकी. पोटाखाली आणि पायांवर सूज. मागचे पाय लटपटतात. एके दिवशी तपासायला आलेल्याला नेमका ताप नसलेला दिवस मिळाला तर काहीच सापडत नाही. पंजाबात या रोगाला सर्रा म्हणत, आणि लष्कराचे घोडे नि उंट त्याने पटापट मरत होते.

१८८० मध्ये लष्करातला वेल्श पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स याला या रोगाचा छडा लावायला डेरा इस्माईल खान येथे धाडलं गेलं. आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा तांबड्या पेशींमध्ये वळवळणारे, पेशींना धक्के देत पोहणारे लांबट जीव त्याला दिसले. ते रक्त त्याने निरोगी जनावरांना टोचलं आणि त्यांनाही तोच रोग झाला. रोग मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे होतो असा त्या भागातल्या लोकांचा समज होता, तोही त्याने गांभीर्याने घेतला. वरिष्ठ तज्ज्ञांना मात्र हे पटलं नाही. तसेच जीव थोड्याच काळापूर्वी कोलकात्यात टिमथी लुईस याला उंदरांच्या रक्तात दिसले होते आणि ते उंदीर ठणठणीत होते. मग घोड्याच्या रक्तातले जीव रोगाचं कारण कशावरून? शंका रास्त होती, पण इव्हान्सचा पुरावा तिच्याहून भक्कम होता, आणि तो बाजूला ठेवण्याची किंमत पुढची कित्येक वर्षं जनावरांनी मोजली. कोणत्याही सस्तन प्राण्यात रोग घडवणारा ट्रिपॅनोसोम, म्हणजे अशा गटातला रक्तातला जीव, प्रथम सापडला तो इथेच.

मुंबईचा संबंध इथून सुरू होतो. जॉन हेन्री स्टील हा लष्करी पशुवैद्य ब्रह्मदेशात खेचरांचा असाच रोग तपासत होता. १८८५ मध्ये त्याने या जीवाला इव्हान्सचं नाव दिलं. तो कोणत्या गटातला हे ओळखण्यात स्टील चुकला, पण नाव टिकलं, आजही तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणूनच ओळखला जातो. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या इस्पितळात मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं आणि स्टील त्याचा पहिला प्राचार्य झाला. ट्रामगाड्या घोडे ओढत होते त्या मुंबईत तपासायला घोडे कमी नव्हते. १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या सायन्स कॉलेजात सरकारची जीवाणू प्रयोगशाळा निघाली, आणि तिथे अल्फ्रेड लिंगार्ड याने घोड्यांच्या सर्ऱ्यावर काम केलं. १८९३ मध्ये ती प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आज इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था हा तिचाच विस्तार. चावऱ्या माश्या रोग पसरवतात हे १९०१ मध्ये लिओनार्ड रॉजर्सने प्रयोगाने दाखवलं. लोकांचा समज खरा निघाला.

१८९० च्या दशकात आणखी एक दडलेलं दुखणं हाती लागलं. ग्लँडर्समध्ये घोड्याच्या एका नाकपुडीतून चिकट स्राव येतो, जबड्याखाली गाठ धरते, पण जुनाट प्रकारात जनावर महिनोन्‌महिने फक्त मलूल दिसतं आणि तेवढ्यात शेजारच्या घोड्यांना, कधी सांभाळणाऱ्या माणसालाही रोग देतं. १८९१ मध्ये रशियात मॅलीन तयार झालं. ते टोचल्यावर रोगी घोड्याला ताप चढतो आणि टोचल्या जागी सूज येते. १८९९ मध्ये हिंदुस्थान सरकारने ग्लँडर्सविरुद्ध कायदा केला आणि रोगी घोडा मारून टाकण्याचा अधिकार निरीक्षकाला मिळाला. तो कायदा २००९ मध्ये नवा कायदा येईपर्यंत जागेवर होता. टांगेवाल्याचं पोट एका घोड्यावर असताना ‘वय झालंय’ आणि ‘ग्लँडर्स आहे’ यांतला फरक त्याच्यासाठी किती मोठा होता, हे वेगळं सांगायला नको.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे आजही सौदा ठरण्याआधी ओठ वर करून दात पाहिले जातात. वराहमिहिराची पहिली पाच वर्षं तिथे अजून चालतात. पण विशीच्या घोड्याबद्दल आता आणखी एक प्रश्न विचारला जातो, जो जुन्या पोथ्यांना ठाऊक नव्हता. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा मधला भाग वयाबरोबर वाढतो आणि नको तेवढी संप्रेरकं सोडू लागतो. मग थंडी सरली तरी केस झडत नाहीत, पाठीवरचं मांस उतरतं, पोट सुटतं, घोडा पाणी फार पितो आणि खूर पुन्हा पुन्हा सुजतात. हा रोग मुळापासून बरा होत नाही, पण परगोलाइड या गोळीने आटोक्यात राहतो. तो ओळखण्यासाठी रक्तातलं एसीटीएच हे संप्रेरक मोजतात, आणि निरोगी घोड्यातही हा आकडा शरद ऋतूच्या सुमाराला आपोआप चढतो, म्हणून तो महिना पाहूनच वाचावा लागतो. रक्त घेण्याआधी पशुवैद्य मोतद्दाराला दोन गोष्टी विचारतो: यंदा याचे केस कधी झडले, आणि दिवसाला किती बादल्या पाणी लागतं.